बालाजीरावांच्या शेडचं शटर

मैलापूर, चेन्नई
२८ मे २००६

ती. सौ. विद्युताईस,

देविकाचा वाकून नमस्कार. (वाकले तेव्हा घामाचा थेंब कागदावर पडला. वर 'नमस्कार' जरा फुगलेला दिसतोय तो त्यामुळे, माझं अक्षर अजून तसंच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, ते नीट बघून कळव. दोन्हींची कारणं वेगळी असतात असं मी कुठेतरी वाचलंय. पुरुषोत्तम भावोजींना नमस्कार आणि आईला साष्टांग. गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "तीन आठवडे पत्र नाही, करतेस तरी काय?" मी "शटर" एवढंच म्हणाले आणि लाइन तुटली. त्यावरून आम्ही दुकान थाटलं असा भावोजींनी निष्कर्ष काढल्याचं आईकडून कळलं. दुकान नाही. मोटारीच्या शेडचं शटर. आता सगळं सुरुवातीपासून सांगते, चहा घेऊन बस.

तुला माहीतच आहे, आम्ही खालच्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि वर मालक, बालाजीराव आणि सईबाई. दोघंही सत्तरी ओलांडलेली, मुलं परदेशात. ही तंजावरकडची मराठी माणसं. त्यांची मराठी आपल्याहून जुनी आणि चाल तमिळ, त्यामुळे वाक्य पोथीसारखं सुरू होतं आणि "शरि" (म्हणजे 'बरं') वर संपतं. अंगणात पश्चिमेकडे तोंड करून एक शेड आहे, तिला लोखंडी गुंडाळीचं शटर, आणि आत बालाजीरावांची जुनी पांढरी फियाट. रोज दुपारी चारला ते शेडमध्ये जाऊन शटर आतून ओढून घेतात आणि तासभर गाडी पुसतात. (एवढी पुसलेली गाडी मी कुठेच पाहिली नाही. बॉनेटमध्ये बघून कुंकू लावता येईल.)

तर मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी नेहमीप्रमाणे चार वाजता शटरची कडी धरली आणि दोन्ही तळव्यांना फोड आले. दुपारभर पश्चिमेचं ऊन खाल्लेलं लोखंड ते! सईबाईंनी हळद लावली आणि निकाल दिला की यापुढे कडीला हात लावायचा नाही, विजेवर चालणारं शटर बसवा. बालाजीरावांनी एकाच अटीवर मान्य केलं. "निवड या पोरीने करायची. शाळेत पदार्थविज्ञान शिकवलीय ती, उगा नव्हे!" (नववीच्या पदार्थविज्ञानात शटर येत नाही हे मी सांगून पाहिलं.)

ताई, तू मला ओळखतेस. सांगलीची शाळा सोडून इथे आल्याला दोन वर्षं झाली, आणि दोन वर्षांत कुणी मला काही शोधून काढायला सांगितलं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी शेडमध्ये छताजवळ थर्मामीटर टांगला. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला सत्तेचाळीस अंश! बाहेर सावलीत एक्केचाळीस. मोटर बसायची ती नेमकी छताजवळ. म्हणजे माणूस खाली भाजणार आणि मोटर वर उकडणार. मग प्रश्नांमागून प्रश्न सुचले. मोटर किती तापमानापर्यंत चालते? ग्रीस वितळून गाडीवर टपकेल का? समुद्राची खारी हवा दोन किलोमीटरवर आहे, साखळी किती दिवसांत गंजेल? मंदार गाड्यांच्या कारखान्यात दर्जा तपासतो, त्यामुळे घरी बायकोसाठी काही तपासायची त्याला इच्छा नसते. तो म्हणाला, "देवी, ते शटर आहे. वर जातं, खाली येतं." मी त्या रात्री त्याच्याशी बोलले नाही.

मग बालाजीराव आणि मी रिक्षाने जॉर्ज टाउनला गेलो. तिथे एकेका गल्लीत एकेकच वस्तू मिळते, बिजागऱ्यांची गल्ली, साखळदंडांची गल्ली. पहिल्या दुकानात मी विचारलं की ही मोटर किती उष्णता सोसते. तो म्हणाला, "बेस्ट क्वालिटी, मॅडम." मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला, पण जरा दुखावून. दुसऱ्या दुकानात नमुन्याचं शटर लावलेलं होतं, निळा दिवा, हातात मावणारा रिमोट, सगळा थाट. मी मागणी केली म्हणून त्याने ते वरखाली करायला सुरुवात केली आणि नवव्या खेपेला मोटर गप्प झाली. "रेस्ट घेतेय," तो म्हणाला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मोटर जळू नये म्हणून तापली की आपोआप बंद पडण्याची सोय असते, ती मी प्रत्यक्ष पाहिली. (दुकानदाराला माझा आनंद समजला नाही.)

तिसरं दुकान अनंतकृष्ण नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं. दुकान कसलं, बोळच. त्यांनी काही दाखवायच्या आधी मलाच प्रश्न विचारले, इंग्रजीत आणि सावकाश. दाराचं तोंड कुठे? पट्ट्यांचं वजन किती? वीज किती वेळा जाते? आणि शेवटी, "आत कोण असतं?" मी म्हटलं, गाडी असते. ते म्हणाले, गाडीचं नाही विचारलं. मग त्यांनी एक बुटकी, हळू चालणारी मोटर दाखवली. सोबत बॅटरी, कमरेच्या उंचीवर लोंबणारी हातसाखळी, आणि बाहेरून किल्लीने सोडवता येईल असा खटका. मला पटली. पण बालाजीरावांचा जीव निळ्या दिव्यात अडकला होता. "हातानेच ओढायचं तर मोटर कशाला?" असं म्हणून ते दुसऱ्या दुकानात परतले आणि पंधरा दिवसांत परत करता येईल या बोलीवर तीच मोटर घेऊन आले. घर त्यांचं, शटर त्यांचं. मी गप्प बसले. (बसले म्हणजे रिक्षात बसले. बोलत होतेच.)

पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ येणाऱ्याजाणाऱ्याला शटर दाखवण्याच्या कौतुकात गेले. चौथ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. दुपारी चारला बटण दाबलं की शटर अर्ध्यापर्यंत खाली यायचं, थांबायचं, आणि पुन्हा वर जायचं. सकाळी नाही, रात्री नाही. बालाजीरावांचा संशय मांजरावर, सईबाईंचा शेजाऱ्यांच्या रिमोटवर, मंदारचा माझ्यावर. मी स्टूल आणि घड्याळ घेऊन दोन दुपारी शेडच्या तोंडाशी बसले. शटराखाली कुणी सापडू नये म्हणून दोन बाजूंना दोन डोळे बसवलेले असतात, मध्ये काही आलं की शटर परत फिरतं. चारच्या सुमारास सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीमागून निघतो आणि नेमका उजव्या डोळ्यात बघतो. डोळा दिपतो, बिचाऱ्याला वाटतं माणूस आला! मी काळ्या कागदाची नळकांडी करून त्याला टोपी घातली आणि शटर मुकाट्याने खाली आलं. टाळ्या वाजवायला फक्त मीच होते, मी वाजवल्या.

आणि त्या टोपीनेच घात केला. कारण आता शटर दुपारी चारलाही पूर्ण बंद होऊ लागलं.

गेल्या आठवड्यात गुरुवारी सव्वाचारला वीज गेली. दहाएक मिनिटांनी मला शेडमधून ठकठक ऐकू आली. धावले. बालाजीराव आत, शटर खाली, निळा दिवा विझलेला. मी कडी उचलून पाहिली, हात भाजला, शटर तसूभर हललं नाही. बाहेरून सोडवायची सोयच नाही त्याला! आत सत्तेचाळीस अंश आहेत हे मला थर्मामीटर न बघता ठाऊक होतं, आणि ताई, आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट ठाऊक नसती तर बरं असं वाटलं.

शटर आणि फरशी यांत दोन बोटांची फट होती. झाडांना पाणी घालायची रबरी नळी मी तिथून आत सरकवली आणि तोटी सोडली. "डोक्यावर घ्या! अंगावर घ्या, मग फरशीवर सोडा!" आतून पाण्याचा आवाज आला आणि मागोमाग, "अय्यो, गाडी भिजतेय की!" सईबाई खाली आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातात शटरचं माहितीपुस्तक दिलं. चौदाव्या पानावर लाल दोरीचं चित्र होतं, ती ओढली की मोटर सुटते. बसवणाऱ्याने ती नीटनेटकी दिसावी म्हणून वर छताला बांधून ठेवली होती!

"डिकीत छत्री आहे का?"

"आहे."

"तिच्या मुठीने दोरी अडकवा. घाई करू नका."

त्यांचा आवाज ऐकू येत राहावा म्हणून मी प्रश्न विचारत सुटले. कुठे उभे आहात, काय दिसतंय, घेरी येतेय का. आणि शेवटी, सुचेना म्हणून, "रोज एवढा वेळ काय पुसता हो गाडीत?"

आत छत्रीची मूठ छताला खरवडली. मग ते म्हणाले, "पुसणं पाच मिनिटांचं. नंतर बसतों."

"बसता?"

"डोळ्यांसाठी डॉक्टर चालवू नको म्हणून सांगून तीन वर्षं झाली. मग चावी न लावता चालवतों. तंजावूरला जातों. रोज थोडं थोडं."

तेवढ्यात खट् झालं. मी ओला टॉवेल हाताला गुंडाळून खालून, त्यांनी आतून, असं आम्ही ते शटर छातीपर्यंत उचललं आणि खाली स्टूल सरकवलं. बालाजीराव वाकून बाहेर आले, नखशिखांत भिजलेले, हातात छत्री. एवढ्या उन्हात असा माणूस मैलापूरने क्वचितच पाहिला असेल. मला वाटलं आता सईबाई घर डोक्यावर घेणार. त्यांनी ताकाचा पेला पुढे केला, पदराने त्यांचं कपाळ पुसलं आणि शांतपणे विचारलं, "कोठपर्यंत पोचलांत?"

बालाजीरावांनी ताकाचा घोट घेतला. मग खाली बघत म्हणाले, "विळुप्पुरम."

"तीन दिवस झाले, विळुप्पुरमच की!"

"तेथे गर्दी आहे."

मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात, म्हणून मी तोटी बंद करायला गेले. तीन वर्षं सईबाईंना माहीत होतं, ताई! आणि त्या रोज त्यांना पुसायचं फडकं धुऊन देत होत्या.

निळा दिवा दुसऱ्याच दिवशी परत गेला. अनंतकृष्णांची बुटकी मोटर परवा बसली. ते स्वतः आले होते. शटराला बाहेरून पांढरा रंग दिला आणि वरच्या चार पट्ट्या जाळीच्या घातल्या. काल साडेतीनला थर्मामीटर चाळीसवर होता, म्हणजे सात अंश खाली. बॅटरीमुळे वीज नसतानाही शटर उघडतं, आणि बालाजीरावांनी हातसाखळी पाच वेळा ओढून पाहिली. दार फार हळू चालतं अशी तक्रार त्यांनी केली, पण ती करताना ते आतून बाहेर बघत होते आणि खुशीत होते. बाकी सगळं क्षेम. आईला म्हणावं मी वेळेवर जेवते. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना गोड पापा.

तुझी,
देविका

ता. क. १ : हे पत्र तू आईला मोठ्याने वाचून दाखवशील, ते सहीपर्यंतच वाच. पुढचं तुझ्यासाठी.

ता. क. २ : मंदारला पुण्याची बदली मिळतेय, जुलैपासून. तो खुश आहे, आईला कळलं की ती पेढे वाटेल. येत्या रविवारी तो तुला फोन करेल आणि मला समजव म्हणून सांगेल. पण मोटर बसवून जाताना अनंतकृष्णांनी माझी तापमानांची वही मागून घेतली आणि बसल्या बसल्या सगळी वाचली. मग म्हणाले, आठवड्यातून तीन दिवस दुकानात या, गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन आधी बघायचं काम करा, दार कुठे तोंड करून आहे, आत कोण असतं. मंदारला मी म्हटलंय की एक वर्ष तू पुढे हो. तो काल रात्री माझ्याशी बोलला नाही.

ता. क. ३ : मी अनंतकृष्णांना होकार परवाच कळवला. तेव्हा सल्ला पाठवू नकोस, ताई. माझी बाजू घे.