डोक्यावरचा डोळा

प्रिय सलिल,

पत्र बघून आधी तुझ्या जिगरी दोस्ताला, दिपेशला शिव्या घालशील. घालू नकोस. तीन वर्षं मी त्याच्या मागे लागले होते, पण तुझ्या शपथेपायी पठ्ठ्याने तुझा पत्ता दिला नाही. परवा मात्र स्वतःहून घरी आला आणि कागदावर लिहून देऊन गेला.

मी अजून वागळे इस्टेटमध्येच आहे, गेमच्या कंपनीत. तू रोज खेळतोस तो गेम आमचाच. गेल्या वर्षी त्यात प्रेक्षक आणले, ते काम माझं. स्वतः न खेळता कुणाच्याही मागे राहून नुसतं बघायचं. ज्याला बघतायत त्याच्या डोक्यावर छोटा डोळा येतो आणि बाजूला बघणाऱ्यांचा आकडा. प्रेक्षकाला बोलता येत नाही, हा नियमही मीच घातला. आपल्या गल्लीत कॅरमभोवती उभे राहून 'क्वीन घे, क्वीन घे' करणारे आठव. खेळाची पार माती करायचे.

ते तपासतानाच तू सापडलास. नदीवरच्या पुलापाशी एक गडी नवख्यांना गोळा करत होता आणि लढाईआधी लिहीत होता, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे." नाव काय, तर 'खोपट कंट्रोलर'. अरे, खोपटच्या एसटी डेपोत तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारणाऱ्या माणसाचा मुलगाच असलं नाव घेईल.

मी बाबांना दाखवलं. तुझा कॉम्प्युटर गॅलरीतून खाली फेकून 'खेळच खेळायचा तर या घरात राहू नकोस' म्हणणारा हाच माणूस, पण वाचलं, हसला आणि तोंड धुवायला मोरीत गेला. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सात वाजले की चष्मा पुसून माझ्या लॅपटॉपसमोर. आई हाका मारून थकायची. तू पडलास की यांचा चहा गार. तुला सांगायचं नाही असं मला बजावलेलं. कळलं तर खेळायचा बंद होईल, मग एवढंही दिसणार नाही, म्हणाले.

मग दिवाळीनंतर तू एकदा पुलावर थांबलास आणि लिहिलंस, "कोण रे तू? रोज एकटाच येतोस. बोल ना काहीतरी." बाबा खुर्चीतून उठलेच. मला म्हणाले, ऋजुता, एवढं टाइप कर, जेवलास का. मी सांगितलं, प्रेक्षकाला लिहिता येत नाही. तर म्हणाले, तूच केलंयस ना, मग उघड की. मी नियम सांगितला, कंपनी सांगितली, पुढच्या अपडेटमध्ये बघू म्हटलं. त्यानंतर ते रोज विचारायचे, आलं का गं ते अपडेट?

सलिल, एका माणसापुरतं उघडणं माझं दोन दिवसांचं काम होतं. खरं सांगू? मला करायचंच नव्हतं. तू गेल्यावर आईचं रडणं मी एकटीने काढलंय. ज्याने पोराला हाकललं त्याने आता बसावं गप्प, बघावं नुसतं, असं वाटायचं मला. बरं वाटायचं. हे आईलाही ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी बाबा गेले. सोफ्यावर बसल्या बसल्या, डॉक्टर यायच्या आत. अग्नी मी दिला. काल सात वाजता मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि तुला उघडलं. तू पुलावर एकटाच उभा होतास. डोक्यावर डोळा आला तसं लिहिलंस, "आलास होय? आठवडाभर कुठे होतास? मला वाटलं तूपण गेलास." मी उत्तर द्यायला कीबोर्डवर हात ठेवले आणि लिहायला जागाच नव्हती. म्हणून हा कागद. तेरावं रविवारी आहे, येशील न येशील, तुझी मर्जी. बाबांचं तेवढं पोचवते. जेवलास का?

तुझीच,
ऋजुताताई