सूर्य तिने ऐकला

सर, तुम्ही तिला 'शाब्बास' म्हणालात, त्याचा राग मला अजून आहे. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली, मी स्वतः बारावीला फिजिक्स शिकवून थकले, पण तो शब्द आठवला की पोटात दुखायचं ते दुखतंच. मला तुम्ही फार तर 'बरं आहे' म्हणायचात. साताऱ्याकडचे तुम्ही, साताऱ्याकडचे आम्ही, आईने कुटलेली शेंगदाण्याची चटणी मी तुमच्या टेबलावर आणून ठेवायची, आणि शाब्बासकी मात्र सारसोळ्याच्या कोळीवाड्यातून बसने येणाऱ्या तिला. वर्गातल्या बाकी मुलांना तुमच्या उद्योगात रस नव्हता. गच्चीवर टिकलो आम्ही दोघीच, त्यामुळे जळायला मला दुसरं कुणी नव्हतंच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं, सूर्यावर डागांची गर्दी होती. कॉलेजच्या गच्चीवर दोन बांबू उभे करून तुम्ही सूर्याच्या रेडिओलहरी पकडायला तांब्याची तार ताणली होती. खाली पत्र्याच्या आडोशाला तुम्हीच जुळवलेला रिसिव्हर. कानाला हेडफोन लावायचे, समोरचा काटा बघायचा आणि दर दहा सेकंदांनी तो कुठे आहे ते आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने मांडायचं. कॉलेजच्या मागच्याच रस्त्याला वेल्डिंगच्या शेड होत्या, त्यातली एक माझ्या बाबांची. वेल्डिंगचा सेट पेटला की हेडफोनमध्ये नुसती खरखर. म्हणून तुर्भ्याच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी असेल त्याच दिवशी आपण सूर्य ऐकायला बसायचो.

तुम्ही फळ्याशी उभे आहात आणि आम्हा दोघींनाच सांगताय. "सूर्यावरचा वायू इतका तापतो की इलेक्ट्रॉन सुटे होतात. पण जातील कुठं? चुंबकीय रेषा धरून ठेवतात त्यांना. खळ्यावरचा बैल बघितलाय का? तिवड्याला, मधल्या खांबाला बांधलेला. कितीबी उधळला तरी त्याच्याभोवतीच फिरणार, आणि फिरताना धूळ उडवणार. ती धूळ म्हणजे आपल्या रेडिओलहरी." मी जोरात मान हलवते. खळं मी मामाच्या गावी पाहिलेलं, तिने कुठून पाहिलं असणार. मग तुम्ही विचारता, एवढ्याशा इलेक्ट्रॉनची धूळ आपल्या गच्चीपर्यंत कशी पोचते? मी म्हणते, खूप असतील. "नुसतं खूप असून भागत नाही गं." ती बाकाच्या कडेला बसलेली. हात वर करायची पद्धत तिच्याकडे नाहीच. "सर, एक टाल वाजला तं घरानच ऱ्हातो. शंभर टाल एका ठेक्यान वाजले तं पार बंदरावर आयकू येतात." तुम्ही खडू खाली ठेवलात. "शाब्बास," म्हणालात, "एका ठेक्यात. इथंच सगळं आहे बघ." हे उत्तर मी आजही माझ्या वर्गात देते आणि ते तिचं आहे असं कधीही सांगत नाही.

नारायणगावकडे तेव्हा मोठ्या रेडिओ दुर्बिणी उभ्या राहत होत्या. तिथे तुमचा एक मित्र होता. दोघींपैकी एकीलाच नेता येईल, जिच्या कागदावर सूर्य उमटेल ती येईल, असं तुम्ही ठरवलंत. त्यानंतर चार सुट्ट्या मी आपल्या पाळीला डोळ्यात तेल घालून बसले आणि काटा हलला नाही. पाचव्या सुट्टीला पाळी माझीच होती. मी वीस मिनिटं डबा खायला खाली उतरले, म्हणून माझ्या जागी ती बसली. आयत्या बिळावर नागोबा. वर आले तर ती हेडफोन दोन्ही हातांनी दाबून बसलेली, आणि कागदावर रेघ एकदम वर चढून सावकाश उतरलेली. "अगो, लाट आली," ती मला म्हणाली. "आली नि मग हलूहलू गेली." तुमच्याआधी तिने मला सांगितलं, एवढा तिचा माझ्यावर विश्वास होता.

तुम्ही कागद उन्हात धरलात. "आकार तर बरोबर दिसतोय," म्हणालात, आणि तुमचा आवाज जरा कापला. तो आवाज मला सहन झाला नाही. मी म्हणाले, "सर, आमच्या शेडमध्ये आज अर्जंट काम होतं. बाबांनी आत्ताच थोडा वेळ सेट चालवला." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता दोन प्रश्न विचाराल, नाहीतर चालत शेडपर्यंत जाल. पाच मिनिटांची तर वाट. तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत. पेन्सिल घेतलीत, त्या रेघेखाली 'वेल्डिंग' लिहिलंत आणि कागद फाईलला लावलात. पुढच्या सुट्टीला ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

शेडला कुलूप होतं, सर. बाबा घरी पंख्याखाली झोपले होते.

नारायणगावला तुम्ही मला नेलंत. तुमच्या मित्राला म्हणालात, "ही आमच्याकडची. हिचा शब्द मी तपासत नाही." इतके दिवस मी तिच्यावर उगाच जळत होते, तुमचा विश्वास मला आधीपासून फुकटच मिळालेला होता, हे मला तिथे, त्या उघड्या माळावर कळलं, आणि तेव्हाही मी गप्प राहिले. पुढे मी शिकले, नोकरीला लागले, मुलांना घेऊन कितीदा तार ताणून बसले. खरखर ऐकली, विजा ऐकल्या, पण ती लाट मला कधी ऐकू आली नाही.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं. ती नेरूळलाच असते, माझ्या सोसायटीपासून रिक्षाने दहा मिनिटं. बाजारात दिसते, हसते, मुलांची चौकशी करते. त्या दुपारी आपण वेल्डिंग ऐकलं, असंच ती अजून समजते. मी खरं सांगितलं तर ती मला माफ करेल, तशी ती आहे. पण मग तिला कळेल की तिने सूर्य ऐकला होता. तेवढं तिला द्यायला मी अजून तयार नाही.