आईच्या नावाने विकलेले पुट

प्रिय फिनबार,

रविवारी आईकडे तुझा विषय निघाला. बटाटे कुस्करता कुस्करता ती म्हणाली, बाबा गेल्यापासून तू तिच्या शेअरांवर दर महिन्याला ‘व्याजासारखं काहीतरी’ मिळवून देतोस. मी विचारलं, कशाचं व्याज? तर म्हणाली, “पार्किंगचा दंड लावणाऱ्या बाईसारखं तोंड नको करूस, नोरीन. जेव.”

जेवले. शिकागोच्या बाजारात तीस वर्षं ऑप्शनचे सौदे करणाऱ्या माणसाच्या घरात आपण वाढलो. न चुकता येणारं ‘व्याज’ ऐकलं की मी आधी कागद शोधते. आई वर झोपायला गेल्यावर मी तिच्या खात्याची पत्रकं वाचली. चोरून वाचली, हे कबूल करते. तू आईच्या नावाने पुट विकतो आहेस. पुट म्हणजे ठरल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क; तो ज्याने पैसे मोजून तिच्याकडून घेतला, त्याला धास्ती नाही. बाजार कोसळला, तर ते मातीमोल शेअर ठरल्या भावाला आईला घ्यावे लागतील. तिची शिल्लक त्याला पुरणार नाही. घर विकावं लागेल.

आधी वाटलं, मधले पैसे तू खातोस. दोन दिवस बेरजा केल्या. एक सेंटही कमी नव्हता. लाज वाटली, पण शंका काही जाईना. मंगळवारी फोन केला तर तू हसलास. “बाबांनी जन्मभर हेच विकलं. त्यावरच तुझे वाकडे दात सरळ झाले.”

तू त्यांना बाजारातल्या वरच्या गॅलरीतून पाहिलंस फिनबार, दिवसभर तळहात बाहेर करून विक्रीची खूण करताना. मी जेवणाच्या टेबलावर त्यांची सौद्यांची कार्डं लावत असे. लाल बाजूला विक्री, निळ्या बाजूला खरेदी. बाजार कोसळला तरी तोटा तिथेच अडावा म्हणून विकलेल्या प्रत्येक पुटामागे त्याहून खालच्या भावाचा एक स्वस्तातला पुट ते विकत घेत, आणि मगच घरी यायला कोट चढवत. ते निळे सौदे बहुतेक वाया जात. मी एकदा हळहळले, तर म्हणाले, “वाया गेला तो दिवस चांगला म्हणायचा, बाळ.” गॅलरीतून तुला निळी बाजू दिसलीच नसेल, अशी मी तुझ्या वतीने समजूत काढत होते. कालपर्यंत.

काल तुझा लिफाफा आला. आईची विक्री दुप्पट करायला माझीही सही लागते. तो कागद सही न करता सोबत परत पाठवते आहे. त्याला चिकटून चुकून तुझ्या स्वतःच्या खात्याचं एक पान आलं आहे. स्वतःसाठी तू पुट विकत घेतोस. दर महिन्याला, एकदाही न चुकता. म्हणजे निळ्या बाजूची किंमत तुला पुरती ठाऊक आहे. शुक्रवारपर्यंत ते पान आणि आईचं पत्रक तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेव, आणि काय ते तूच सांग. नाहीतर शनिवारी मी ठेवीन. “फिनबारला हे कळत होतं का?” असं तिने विचारलं, तर मला खोटं बोलता येणार नाही.

अजूनही तुझीच बहीण,
नोरीन