दुधात फेटलेलं अंडं

मास्तर, तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं झाली. पत्र टाकायला पत्ता नाही, हे मला कळतं. पण काल डॉक्टरांनी माझ्या बायकोची लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर धरली, आणि ती उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी झाली. तेव्हापासून तुमची प्रयोगशाळा डोळ्यांपुढून हलत नाही. तिचे पाय सुजलेत, बोट दाबलं की खळगा राहतो. डॉक्टर म्हणाले, अंगातलं प्रोटीन लघवीतून गळतं आहे, रोज एक अंडं द्या. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही.

मी चौथी नापास, तेव्हा तुमच्या कॉलेजात नळ्या धुणारा. अंडी मी उकडायचो, पांढऱ्या भागाचे तुकडे नळीत टाकायचो, तुम्ही वरून जठररसाची पूड आणि पातळ आम्ल घालायचात. मग नळी अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवायची. नीट पचावं या काळजीने एकदा मी खालचा जाळ वाढवला. पाणी उकळलं, आणि दुपारपर्यंत एक तुकडा विरघळला नाही.

"काहून गा, भाजी करून राहिला का?" तुम्ही म्हणालात. "पोटात काय चूल असते? रस मारून टाकला तू."

दुसऱ्या दिवशी जाळ बेताचा ठेवला. संध्याकाळी नळीत नुसतं पाणी दिसत होतं. मी विचारलं, "मास्तर, अंडं गेलं कुठं?"

"बारीक झालं. आतड्यात आणखी बारीक होते, त्याले अमिनो अ‍ॅसिड म्हणतात. ते रक्तात जाते, त्यातून शरीर आपलं मांस घडवते. जास्तीचं जळते, त्याचा कचरा लघवीतून जाते."

"म्हणजे आत अंडं राहत नाही?"

"नथ मोडून पाटली केली, तर पाटलीत नथ राहते का गा? दाळ खा का अंडं खा, आत सोनंच."

त्या महिन्यात माझी बायको बाळंतपणातून उठत नव्हती. हाडं दिसत होती. मी प्रयोगासाठी चार अंडी मागवायचो, दोन उकडायचो, दोन घरी न्यायचो. दुधात फेटून, वर जायफळ घालून, औषध म्हणून तिला पाजायचो. उरलेल्या दोन अंड्यांचं तुम्ही कधी विचारलं नाही. ती उठली. तिला बाटवलं, हा विचार पुढे कितीदा मनात आला. दर वेळी मी तुमची नथ आठवायचो.

काल डॉक्टर गेल्यावर तिला भीतभीत अंड्याचं सांगितलं. ती भिंतीला टेकून हसली.

"तवा इचारलं होतं का? आता काहून इचारून राहिले?"

"तुले ठाऊक होतं?"

"जायफळानं वास मरते का? समजून पेली मी, लेकरू पदरात होतं. आता देता तर ताटात द्या, अन् माह्यासंग बसून खा. नाहीतर राहू द्या."

सकाळी इतवारीच्या बाजारातून दोन अंडी आणली. ती पिठाच्या डब्याआड आहेत, आणि हे पत्र तिथेच ठेवणार आहे. चुलीवर पाणी केव्हाचं उकळतं आहे. ती दोनदा हाक मारून गेली.

मास्तर, तुमचं नथेचं बोलणं मला पटलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. पण ती दूध प्यायली की तो पेला मी राखेने दोनदा घासायचो, आणि स्वतः त्यातून कधी पाणीसुद्धा प्यायलो नाही.