देवरावभाऊंच्या फोनची घंटी

१२ ऑगस्ट, आरमोरी

दिवसभर धानाच्या बांधीत निंदण केलं. संध्याकाळी शेजारी देवरावभाऊंकडे गेलो.

त्यांच्या बायकोच्या, कमलबाईंच्या, दंडावर कॉलेजच्या मुलांनी रक्तातली साखर मोजणारं बटण चिकटवलंय, त्याची चाचणी चालू आहे. आज दुपारी बाईंची साखर उतरली आणि शेतात भाऊंच्या फोनवर घंटी वाजली. ते धावत घरी आले, गुळाचं पाणी पाजलं.

"पोट्ट्यांनी भारी मशीन बनवली ना!" भाऊ म्हणाले.

"नाई त का! मी हाका मारल्या असत्या त हे बांधीतून हलले नसते," बाई हसल्या.

मीही हसलो. आतून जळत होतो. मागच्या पावसाळ्यात माझ्या बायकोची, सुशीलाची, साखर अशीच भर दुपारी उतरली. मी भाऊंच्याच शेजारच्या बांधीत होतो. फोन खिशात, गप्प. घरी आलो तेव्हा ती गेली होती.

हे बटण एक वर्ष आधी का नाही बनलं? आणि खरं लिहायचं तर, घंटी आज वाजलीच नसती तर, असंही मनात आलं. तेव्हाच बाई माझ्यासाठी डब्यात वरण भरत होत्या.

घरी येऊन भात टाकला, वरण गरम केलं. फोनचा आवाज पूर्ण वाढवून ताटाजवळ ठेवला आणि जेवलो.