टोपीला टोचलेली माशी

धाकटे,

ओळखलंस का? मी तुझी थोरली बहीण, जिची आठवण तुला घरातला दोरा संपला की होते. मला कुठलं लिहिता येतंय; मी सांगतेय आणि सूनबाई हसू दाबत लिहितेय.

मासे भुलवायला गळाला लावायच्या पिसांच्या खोट्या माश्या मी जन्मभर आईने शिकवल्या तशाच बांधल्या. कोंबड्याच्या मानेचं तपकिरी पीस, काळा दोरा, वेढ्याला वेढा चिकटून. तू मात्र हाताला येईल ते गुंडाळायचीस. आई म्हणायची, "माशीला लग्नाला पाठवतेस का गं?" पण मासे मेले तुझ्याच माशीवर भाळायचे. आमचे हेसुद्धा! तू दिलेली माशी अजून ह्यांच्या टोपीवर मिरवतेय, आणि मी बांधलेल्या डबीत पडून आहेत.

परवा मला राहवलं नाही. जुन्या स्वेटरची केशरी लोकर उसवली, गोळीचा चकचकीत कागद कातरला आणि मनाला येईल तशी एक माशी बांधून ह्यांच्या डबीत गुपचूप टाकली. संध्याकाळी हे हातभर मासा घेऊन आले आणि दारातूनच ओरडले, "तुझ्या बहिणीच्या हाताला तोड नाही!"

मी मासा घेतला आणि विळीवर बसले. माशी माझी आहे असं सांगितलं असतं, तर तुझी नक्कल केली हेही कबूल करावं लागलं असतं. आता म्हणतात, अर्धा मासा तुला पाठवायचा!

तुझी,
थोरली

सूनबाई, हे पत्र राहू दे. मावशींना नुसता मासा पाठव, शेपटीकडचा. आणि काटे काढत बसू नकोस.