गिटारखाली गेलेले चेलो

ती. ताई,
वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि आमचे भावजी, दोघांची कुरकुर कमी झाली का? मी मजेत आहे, वेळेवर जेवतो.

मेटल बँडच्या अल्बमसाठी वर्षभर खपून लिहिलेल्या माझ्या वाद्यवृंदाच्या संगीताचं काल मिक्सिंग झालं, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र बसवले. चेलो, म्हणजे ती खर्जातली मोठी व्हायोलिनं, मी नेमके गिटारच्याच स्वरांच्या पट्ट्यात लिहिले होते. चूक माझीच. त्या गदारोळात ते ऐकूच येईनात. निर्माता म्हणाला, "काका, मस्त आहे हो, पण मध्ये येतंय," आणि त्याने सगळे चेलो बंद केले. गाण्याला काडीचा फरक पडला नाही. तेच जिव्हारी लागलं.

साधी व्हायोलिनं ठेवलीत. "ऐकू आली नाहीत तरी जाणवतात," असं इथे म्हणतात. घरजावयाबद्दलही असंच म्हणत असतील.

आई अजून विचारते ना, तुझं गाणं कधी येणार? सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये नुसते चेलो आहेत. तिला तेच ऐकव आणि सांग, हेच ते गाणं. तिला आवडलं, तर मला कळवू नकोस. पुन्हा लिहावंसं वाटेल, आणि ते आता सोसायचं नाही.

तब्येतीला जप.
तुझा धाकटा